सारखी दिसणारी दोन कार्डं

आमच्या ऑफिसात पाच मशिनं होती. कार्डांना भोकं पाडायची चार आणि तपासायचं एक. भोकं पाडायच्या चारांतलं खिडकीजवळचं माझं. खाली सायकलचं दुकान, वर दोन खोल्या, जिना लोखंडी आणि बाहेरून. माळीवाड्याचा एसटी स्टँड चालत पाच मिनिटांवर. हे आधीच सांगून टाकते, कारण नगरला त्या काळात मी कॉम्प्युटरच्या कामाला होते असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काचेची केबिन आणि थंडगार हवा येते. तसलं काही नव्हतं. कॉम्प्युटर पुण्याला होता आणि आम्हा मुलींपैकी कुणी तो पाहिलेलाही नव्हता. पोस्टकार्डापेक्षा जरा लांब अशी जाड कागदाची कार्डं असायची, त्यांवर आम्ही भोकं पाडायचो, गठ्ठे बांधून खोक्यात भरायचो. दर बुधवारी पहिल्या गाडीनं आमचे वैद्य सर ती खोकी मांडीवर घेऊन पुण्याला जायचे. ऑफिस त्यांच्याच हाताखाली होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रुंद कागदाची जाडजूड घडी घेऊन परत यायचे, आणि त्या कागदावर काय छापून आलंय त्यावर आमचा आठवडा बरा की वाईट ते ठरायचं.

दादा, म्हणजे माझे वडील, स्टेशन रोडवरच्या एका दुकानात पंप दुरुस्त करायचे. दुष्काळाची वर्षं होती. विहिरींचं पाणी खाली गेलेलं, लोक कोरडेच पंप चालवायचे आणि जळालेल्या मोटारी गाडीत घालून नगरला आणायचे. दादांच्या सदऱ्याला कायम वार्निशचा वास यायचा. आई शेवगावकडची, शेतकऱ्याघरची. बुरूडगाव रोडच्या आमच्या दोन खोल्यांत तिनं तिचं गाव जसंच्या तसं आणून ठेवलेलं होतं, बोलण्यासकट. सकाळी आधी स्टोव्हला हवा भरल्याचा आवाज, मग भाकरी थापल्याचा, आणि अधूनमधून लष्कराच्या हद्दीतून तोफांच्या सरावाचा. तोफ उडाली की फळीवरची भांडी किणकिणायची. आई पिठाचा हात तसाच वर करून म्हणायची, "उडीव बाबा, उडीव. ढगाला एखादं भोक पडलं तं पडलं." रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापता थापता फाटायची, ती जोडून तव्यावर टाकायला आईसारखाच हात लागायचा. बरोबर लसणाची चटणी, आणि संध्याकाळी बहुतेक हुलग्याचं माडगं. आज कुणी मला मुद्दाम म्हणून माडगं करून वाढलं तर मी खाते, पण दुसरी वाटी मागत नाही.

घरात लिहिणं माझ्याकडे होतं. आईला अक्षरओळख नव्हती आणि दादांचं अक्षर त्यांना स्वतःलाच लागत नसे. त्यामुळे वाण्याची यादी, धुण्याची यादी, कुणाला पत्र लिहायचं राहिलंय त्याची यादी, सगळं मी करायची. यादी केली की काम अर्धं झालं असं मला लहानपणापासून वाटत आलंय. ही माझी चांगली सवय म्हणून घरीदारी माझं कौतुक व्हायचं. ती अंगाशीही येऊ शकते हे मला त्या ऑफिसात कळलं.

मशीन मला शिकवलं रूथताईंनी. त्या आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, तिशीच्या आसपासच्या. मिशनच्या शाळेत शिकलेल्या, हात असा चालायचा की मशिनाचा खडखडाट तुटकपणे न येता सलग एकच आवाज यायचा. घरी आजारी आई, आणि मिळवतं माणूस त्या एकट्याच. पहिल्या दिवशी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "हात मांडीवर ठेव. आधी काही दाबायचं नाही. आधी तू कुठे आहेस ते बघ." मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या हसल्या. "तिकडे नाही गं बाई, इथे." मशिनाच्या मध्यावर एक छोटीशी खाच होती आणि तिच्यातून एक आकडा दिसत होता. कार्डावर ऐंशी घरं असतात, आपण त्यातल्या कितव्या घरावर आहोत ते तो आकडा सांगायचा. "याच्याकडे बघितल्याशिवाय बोट उचललंस तर मी बोटावर पट्टी मारीन," त्या म्हणाल्या, आणि पट्टी खरंच टेबलावर होती.

एका कार्डावर एक ओळ. उजव्या हाताच्या पेटीतून कोरं कार्ड खाली येतं, सरकत पंचाखाली जातं, तुम्ही कळ दाबली की भोक पडतं आणि कार्ड एक घर पुढे जातं. पडलेलं भोक बुजत नाही. एवढं एक वाक्य ज्याला समजलं त्याला त्या कामातलं बरंचसं समजलं. शहात्तर घरं बरोबर आली आणि सत्त्याहत्तरावं चुकलं, तर कार्ड गेलं. मी घरी हे सांगितलं तेव्हा दादा जेवता जेवता थांबले. "एका अक्षरासाठी अख्खं कार्ड? त्याला रिवाइंड न्हाई व्हय करता येत?" येत होतं, एका अर्थानं. चुकलेलं कार्ड डावीकडच्या वाचणाऱ्या जागेत ठेवायचं, कोरं कार्ड पंचाखाली घ्यायचं आणि डुप्लिकेटची कळ दाबून धरायची. जुन्या कार्डावरचं सगळं नव्यावर भराभर उमटत जातं. आकड्यावर नजर ठेवून चुकीच्या घराच्या अलीकडे बोट उचलायचं, तेवढं एक अक्षर नीट टाकायचं आणि पुन्हा कळ दाबायची. पहिला आठवडाभर मी बोट एक घर उशिरा उचलत होते, म्हणजे चूकही अगदी निष्ठेनं नव्या कार्डावर उतरत होती. रूथताई माझ्या टोपलीत वाकून म्हणायच्या, "आज पोरीनं अर्धा रीम मारला."

शिवाय मशिनाच्या वरच्या अंगाला एक ड्रम होता. त्यावर एक कार्ड गुंडाळलेलं असायचं, ते मशिनाला सांगायचं की अमुक घरं सोडून दे, अमुक ठिकाणी फक्त आकडे घे. माहितीच्या कार्डांना तो फार सोयीचा. पण प्रोग्रामचं कार्ड मारताना त्याची चाकं वर उचलून ठेवावी लागत. मी ते विसरले की मशीन माझ्या वाक्याच्या मधूनच उडी मारून पुढे निघून जाई. मी घाबरून हात वर करायची. रूथताई आपल्या जागेवरून न उठताच ओरडायच्या, "चाकं!" महिन्याभरात मी चुकांची यादी केली आणि मशिनाच्या बाजूला डकवली. तिच्यातली प्रत्येक ओळ त्यांनी मला आधी तोंडी दिलेली होती.

परवा माझी मुलगी नव्या नोकरीतल्या कॉम्प्युटरपुढे बसून कुरकुरत होती. एका बाजूला फायलींची उतरंड, खाली काळी पट्टी, वर दहा चित्रं, प्रोग्राम लिहायचा कुठे तेच सापडत नाही म्हणाली. मी मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर एक उभी रेघ लुकलुकत होती आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ओळ कितवी, घर कितवं, ते लिहिलेलं होतं. मी तिला म्हटलं, हात मांडीवर ठेव. तिला वाटलं, मी चिडले.

तर माझं काम बसलं. सरांनी भिंतीवर नियम लावायला सांगितले तेव्हा ते पुठ्ठ्यावर मीच लिहिले, कारण अक्षर माझं. त्यातला चौथा नियम असा होता: एकसारखी दोन कार्डं दिसल्यास एक काढावं. गावोगावचे तलाठी विहिरींची माहिती फॉर्मवर भरून पाठवायचे. कुठल्या गावात किती विहिरी, कुठल्या विहिरीत किती दिवसांचं पाणी. कधी एकच फॉर्म दोनदा यायचा, कधी दोघींच्या हातून एकच फॉर्म दोनदा मारला जायचा. मग एक विहीर दोनदा मोजली जाणार. म्हणून गठ्ठा खोक्यात घालण्याआधी जुळी कार्डं वेचून काढायची. ते मी फार छान करायची. सुपात जोंधळा निवडावा तसा गठ्ठा निवडायची. काढलेली आणि बिघडलेली कार्डं आम्ही घरी न्यायचो. मागची बाजू कोरी, कागद जाड. माझ्या सगळ्या याद्या त्या वर्षी कार्डांच्या पाठीवर आहेत.

ही माहिती कशासाठी, तर ज्या गावाचं पाणी आधी संपणार तिथे टँकर आधी लावायचा, त्यासाठी गाववार यादी हवी होती. ती बेरीज करणारा प्रोग्राम वैद्य सरांनी लिहिला होता. सर पुण्याला जाऊन येऊन स्वतःच शिकलेले. प्रोग्राम लहानसा, बोटभर जाडीचा गठ्ठा. नेवाशाकडच्या गावांवर तो एकदा चालवला होता आणि बरोबर चालला होता. मग शेवगावकडच्या गावांसाठी सरांनी चार नव्या ओळी कागदावर लिहिल्या आणि तो गठ्ठा त्या कागदासकट माझ्यापुढे ठेवला. "सुमन, या चार ओळी मारून जागच्या जागी घाल. नीट बघून घाल. प्रोग्राम लिहायला शिकवतात त्या पुण्याच्या वर्गाला आपल्याकडून एकच जण जाणार आहे. तीन महिने. मी तुझं नाव सुचवणार आहे." मी घरी आल्या आल्या पुण्याला न्यायच्या वस्तूंची यादी केली. सतरंजी, दोन साड्या, डिंकाची बाटली. डिंक कशाला ते आता आठवत नाही.

त्या चार ओळी मी निर्दोष मारल्या आणि जागच्या जागी घातल्या. मग सवयीनं सगळा गठ्ठा एकदा निवडला. प्रोग्राम म्हणजे काय हे मला तेव्हा काही कळत नव्हतं. माझ्या लेखी ती कार्डंच होती. मधे मला दोन कार्डं अगदी सारखी दिसली. दोन्हींवर एकच ओळ: एस बरोबर शून्य. एक गठ्ठ्याच्या सुरुवातीला, एक मधे. मी मधलं काढलं, पिशवीत टाकलं, गठ्ठ्याला रबर लावलं. सरांना सांगायचंही मनात आलं नाही. केर काढला म्हणून कुणी सांगायला जातं का?

त्याच आठवड्यात तपासणीचं मशीन बंद पडलं होतं. शेवगावची सगळी कार्डं रूथताईंच्या हातची. तपासल्याशिवाय पाठवायची का, म्हणून सर घुटमळत होते. रूथताई म्हणाल्या, "सर, मी मारलीत. काही निघालं तर मला धरा." सर बुधवारी गेले, गुरुवारी आले आणि त्यांनी रूथताईंना धरलं.

कागद टेबलावर पसरलेला होता. पहिल्या गावाला पंधरा-वीस दिवसांचं पाणी. पुढच्या गावाला जास्त, त्याच्या पुढच्याला आणखी जास्त, आणि खाली खाली तर वर्षांच्या वर्षं पुरेल एवढं. ज्या गावांना लोक घागरीसाठी भांडत होते, त्या गावांना. शांतपणे पाहिलं असतं तर आकडे फक्त वाढतच जातायत, एकदाही कमी होत नाहीत, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण शांतपणे पाहण्याची ती वेळ नव्हती. "प्रोग्राम तोच आहे, मागच्या वेळी बरोबर चाललाय," सर म्हणाले. "वाढवलेल्या चार ओळी मी स्वतः तपासल्यात. राहिली कोण? तुमची कार्डं."

"सर, माझी कार्डं बरोबर आहेत."

"मग शेवगावला समुद्र आलाय का?"

रूथताईंनी मान खाली घातली नाही. "आकडे एकदा वरपासून खालपर्यंत वाचा ना, सर," एवढंच म्हणाल्या. सरांनी कागदाची घडी घातली. "शनिवारी बारा वाजता मालक येतायत. न तपासता तुमच्या शब्दावर माल पाठवला, हे मला त्यांना सांगावं लागेल. पुढचं ते ठरवतील." पुढचं म्हणजे काय हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आदल्या वर्षी याहून लहान चुकीला एक मुलगी घरी गेली होती.

दोन दिवस रूथताई आणि मी ती सगळी कार्डं फॉर्मांशी ताडून पाहत बसलो. त्या वाचायच्या, मी पाहायची. एकही चूक नाही. चूक सापडत नाही याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण उलट त्यांचा आवाज बारीक होत गेला. चूक सापडली असती तर निदान माफी मागता आली असती. शुक्रवारी दुपारी त्यांनी डबा उघडला, बघितला आणि तसाच बंद केला. "आईच्या औषधाचं बघायला पाहिजे," म्हणाल्या, मला नाही, भिंतीला.

शुक्रवारी संध्याकाळी आई भाकरी करत होती आणि मी समोर बसून तिला हे सगळं सांगत होते. त्या कागदात तिचं माहेरही होतं. मी म्हटलं, "आई, तुझ्या गावाला चार वर्षांचं पाणी आहे, कागदावर."

आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि हसत सुटली. "चार वर्साचं? आगं, मंग मी दोन कोस घागर घिऊन काय नाचाया जात हुते का? समद्या गावांचं पानी आमच्याच हिरीत आनून वतलं का काय त्यांनी?"

मीही हसले. आणि हसता हसता थांबले. सगळ्या गावांचं पाणी. पहिल्या गावाचं दुसऱ्यात, दोघांचं तिसऱ्यात. आधीच्या गावाची बेरीज पुसलीच जात नव्हती, शून्यावर येतच नव्हती. एस बरोबर शून्य.

वाण्याच्या याद्या स्टोव्हशेजारच्या खिळ्याला टोचलेल्या असायच्या. मी त्या सगळ्या काढल्या. हवी ती चौथी का पाचवी होती. मीठ, काडेपेटी, गूळ, कपड्याचा साबण, आणि साबणापुढे दादांनी मारलेली बरोबरची खूण. कार्ड उलटं केलं. वरच्या कडेला बारीक छापलेली तीच ओळ. पाटी पुसायचं फडकं मी गठ्ठ्यातून काढून स्वयंपाकघरात आणून टांगलं होतं.

"काय गं सुमे, भूत बघितल्यावानी?" आई म्हणाली. मी नुसतं कार्ड पर्समध्ये घातलं. जेवताना दादांना मात्र विचारलं, दुसऱ्याचं नाव घेतल्यासारखं करून, की पंप तुमच्या हातानं बिघडला आणि गिऱ्हाईक वायरमनला शिव्या देत असलं, तर काय करायचं?

दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चटणीत भाकरी बुडवली. "पंप परत खोलला की कळतंच कुनाचा हात हुता. खोलायच्या आदी सांगितलं तं मान्सात ऱ्हातो."

इथे मी शहाण्यासारखी वागले असं लिहायला मला आवडलं असतं. शनिवारी मी दहाला ऑफिसात पोचले. कार्ड पर्समध्ये होतं. रूथताई आपल्या टेबलाचा खण आवरत होत्या. कंगवा, रुमाल, एक छोटं बायबल पिशवीत घालत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मशिनावर जाऊन बसले. गुपचूप कार्ड जागेवर घातलं तर पुढच्या बुधवारी सगळं बरोबर येईल, कुणाला काही कळणार नाही आणि पुण्याचं माझं राहील. पण बुधवार शनिवारनंतर येतो. हे इतकं साधं होतं, आणि तरी मी ते मनात दहादा मांडून पाहिलं. मधे मी एक गठ्ठा मारूनही काढला. साडेअकरा वाजेपर्यंत मी हे केलं. दीड तास. नोकरीतल्या पस्तीस वर्षांत मी यापेक्षा मोठ्या चुका केल्या, पण हिशेब द्यायची वेळ आलीच तर मला आधी हा दीड तास द्यावा लागेल.

साडेअकराला मी उठले आणि सरांच्या टेबलावर कार्ड ठेवलं, नेमकं उलट्या बाजूनं. सरांनी ते हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, "मीठ, काडेपेटी, गूळ... हे काय?"

"मागे बघा, सर. हे प्रोग्रामातलं आहे. मी काढलं. मला वाटलं, डबल आहे."

मशिनांचे आवाज बंद झाले. सरांनी कार्ड फिरवलं आणि ओळ वाचली. मग त्यांची नजर भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर गेली, चौथ्या नियमावर, माझ्या अक्षरातल्या. नियम त्यांचा होता. "प्रोग्रामात एक वाक्य दहादा येऊ शकतं," ते हळू म्हणाले. "हे तुला कुणी सांगितलं नाही, नाही का?" मी मान हलवली. "मीच सांगायला हवं होतं." मग म्हणाले, "पुण्याचं नंतर बघू." मालक बाराला आले, चहा प्यायले. प्रोग्रामातलं एक कार्ड गळालं होतं, बुधवारी पुन्हा चालवतो, असं सरांनी त्यांना सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही.

रूथताई माझ्याशी बोलल्या संध्याकाळी, जिन्यात. "तुला कधी कळलं?"

"काल संध्याकाळी."

"आणि सकाळी मी खण आवरत होते तेव्हा तू काम करत होतीस."

"हो."

त्या दोन पायऱ्या उतरल्या. मग वळून म्हणाल्या, "सोमवारी लवकर ये."

सोमवारी त्यांनी मला त्यांच्या मशिनावर बसवलं आणि तो बोटभर गठ्ठा पुढे ठेवला. प्रोग्रामाच्या कार्डाची शेवटची आठ घरं कॉम्प्युटर वाचत नाही. तिथे प्रत्येक कार्डाचा अनुक्रमांक टाकायचा, म्हणजे कार्ड सांडलं, गळालं, कुणी निवडून काढलं, तरी त्याची जागा त्यालाच ठाऊक असते. असा क्रमांक टाकतात हे त्यांना माहीत होतं, पण आजवर टाकायला कुणी सांगितलं नव्हतं. बहात्तराव्या घरापर्यंत डुप्लिकेट, मग क्रमांक, मग पुढचं कार्ड. त्या शेजारी पट्टी घेऊन बसल्या. माझं बोट आता वेळेवर उठत होतं. कार्डं एकामागून एक हाताखालून जाऊ लागली तशी मी पहिल्यांदाच त्यांच्यावरच्या ओळी क्रमानं वाचल्या, आणि तो निवडायचा जोंधळा राहिला नाही. ते कुणीतरी सांगितलेलं काम होतं, एकानंतर एक. मधल्या "एस बरोबर शून्य"वर मी थांबले.

"दाब ना," रूथताई म्हणाल्या.

"रूथताई, ही ओळ कशासाठी आहे माहितीये तुम्हाला?"

"मला कोण सांगणार? हा गठ्ठा चारदा मारलाय मी. बोटांना पाठ आहे."

मग मी सांगितलं. जेवढं मला कळलं होतं तेवढं, आईच्या घागरीसकट. हे कार्ड घे, विहिरीचं पाणी बेरजेत मिळव. पुढचं कार्ड त्याच गावाचं असेल तर मिळवत राहा. गाव बदललं की आधीच्या गावाची बेरीज छाप, बेरीज पुसून शून्य कर, नव्या गावाला लाग. कार्डं संपली की थांब. त्या ऐकत होत्या, पट्टीनं हळूहळू गठ्ठ्यावर टकटक करत. मग टकटक थांबली.

"गाव बदललं की छापतं?"

"हो."

"मग शेवटच्या गावाचं काय? त्याच्यानंतर गावच नाही. बदलणार काय? त्याचं कोण छापणार?"

मी गठ्ठा पुढे चाळला, मागे चाळला. आम्ही गुरुवारचा तो कागद काढला आणि गावांची यादी काढली. कागदावर शेवटचं गाव नव्हतं. समुद्राच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग मी कपाटातून आधीचा कागद काढला, नेवाशाचा, बरोबर चाललेला. त्यातही शेवटचं गाव नव्हतं. तिथली माणसं महिनाभर टँकरची वाट बघत असतील आणि कागदावर ती नव्हतीच.

आम्ही दोघी सरांच्या टेबलापाशी गेलो. मी दोन्ही कागद पसरले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सरांनी गावं मोजली, पुन्हा मोजली, चष्मा काढला. इतक्या दिवसांत त्यांच्या प्रोग्रामात कुणी चूक दाखवली नव्हती. मान वर केली तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. "शाब्बास, सुमन. हे माझ्याही—"

"रूथताईंच्या लक्षात आलं, सर." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणाले.

सरांनी रूथताईंकडे पाहिलं. मग समोरची खुर्ची पुढे सरकवली, ओळी लिहायचा चौकटींचा कागद काढला आणि पेन्सिल त्यांच्यापुढे धरली. "बसा. शेवटच्या गावासाठी काय करायचं ते लिहा."

रूथताई बसल्या. पेन्सिल घेतली नाही. "लिहायचं कसं ते मला माहीत नाही, सर. करायचं काय ते सांगते. ही लिहील."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, एकेक अक्षर एकेका चौकटीत, प्रोग्रामाची ओळ जिथून सुरू होते त्या सातव्या घरापासून. त्या वर्षी पुण्याच्या वर्गाला रूथताई गेल्या.